परतून येणारा ताप : ठाणे-नवी मुंबईतले पाच दिवस

१८ ऑगस्ट, चिपळूण ते ठाणे

वाशिष्ठी दुथडी भरून वाहत होती. मांडवी एक्स्प्रेस पावसाळी वेळापत्रकाने जपून चालली होती, त्यामुळे खिडकीत बसून मागचं आठवायला भरपूर वेळ मिळाला. कोकणातल्या एका कॉलेजात मी ३१ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. दर पावसाळ्यात पहिल्या वर्षाच्या वर्गात फळ्यावर मलेरियाच्या परजीवीचं जीवनचक्र काढायचो. डावीकडे माणूस, उजवीकडे डास, मध्ये बाण. मुलं ते रंगीत वर्तुळ वहीत उतरवून घ्यायची आणि परीक्षेत जसंच्या तसं काढायची. त्यांतलीच एक मुलगी पुढे मलेरियाची संशोधक झाली. औषधांना दाद न देणारे परजीवी हा तिचा विषय. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, "सर, तुम्ही फळ्यावर काढायचात ते वर्तुळ मी आता पायी फिरतेय. निवृत्त झालाय ना, मग पाच दिवस या. कुठला बाण कुठे अडतो ते दाखवते."

तिचं नाव इथे लिहीत नाही. रुग्णांचीही लिहिणार नाही. तिच्या वहीत प्रत्येक रुग्णाला फक्त क्रमांक असतो, तोच शिरस्ता मी पाळतो.

माझी या आजाराशी ओळख वर्गात शिकवण्याच्या कितीतरी आधीची. लहानपणी आमच्या वाडीत हिवतापाची साथ आली की आजी कोयनेलचं नाव घ्यायची आणि पोराच्या डाव्या बरगडीखाली बोटं रुतवून सांगायची, "पाणथरी वाढलीय." प्लीहेला आमच्याकडे पाणथरी म्हणतात, आणि आजीचं निदान क्वचितच चुकायचं. १९९४ मध्ये मला स्वतःला मलेरिया झाला. तीन दिवसांत ताप उतरला, तशा चौदा दिवस घ्यायच्या गोळ्या मी पाचव्या दिवशी सोडल्या. अडीच महिन्यांनी हुडहुडी परत भरली, तेव्हा भेटेल त्याला सांगत होतो की औषधाला आता गुणच राहिला नाही. वर्गात हा आजार शिकवणारा माणूस मी, आणि किती चुकीचं बोलत होतो ते कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

रात्री ठाण्यात उतरलो. मुक्काम नौपाड्यात, बहिणीकडे. जेवणं झाल्यावर विद्यार्थिनी भेटायला आली आणि आम्ही तलावपाळीला चालत गेलो. पाऊस थांबला होता, मासुंद्याच्या पाण्यात दिवे हलत होते. इतके तलाव असलेल्या शहरात डासही तलावातच होत असणार, असं मी म्हणालो. तिने मान हलवली.

"या पाण्यात मासे आहेत सर, शेवाळ आहे, वाऱ्याने लाटा उठतात. आपल्याकडे शहरात मलेरिया पसरवणारी ॲनोफिलीस स्टीफन्सी इथे फारशी अंडी घालत नाही. तिला माणसाने साठवलेलं स्वच्छ, निवांत पाणी लागतं. गच्चीवरची टाकी, पिंप, विहीर."

या डासाचं बारसं आपल्याच राज्यातलं आहे. लिस्टन नावाच्या इंग्रज लष्करी डॉक्टरने १९०१ मध्ये एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, छावणीतल्या डासांवर लेख लिहिला, त्यात हे वर्णन आलं. पुढे बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाचा तपास केला. १९११ च्या त्यांच्या अहवालात बोट रोखलं होतं ते शहरातल्या घरगुती विहिरींकडे. म्हणजे दलदल, खाडी, खाजण यांना आपण उगाच दोष देत आलो. खाजणाच्या काठी लहानाचा मोठा झालेल्या मला हे ऐकून बरं वाटलं.

१९ ऑगस्ट, घणसोली

सकाळी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, मग घणसोली. पारसिकचा डोंगर धुक्यात, त्याच्या पायथ्याकडे एमआयडीसीचे कारखाने आणि बसक्या वस्त्या.

महापालिकेच्या फवारणी पथकाबरोबर एका बांधकामावर गेलो. वीसेक मजल्यांच्या इमारतीचे बारा मजले चढले होते. पथकातले सर्वांत जुने काका पुढे, पाठीवर पंप, हातात डिपर, म्हणजे पाण्यातल्या अळ्या तपासायचा लांब दांड्याचा पांढरा पेला. बाराव्या मजल्यावर नवा स्लॅब पडला होता. त्यावर मसाल्याची छोटी छोटी आळी बांधून पाणी भरून ठेवलं होतं. काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून हे पाणी आठवडाभर तरी ठेवतात. आणि ॲनोफिलीसला अंड्यापासून उडता डास व्हायला या हवेत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आठ दिवसांनी त्याच्या वरच्या मजल्याचा स्लॅब, पुन्हा आळी, पुन्हा पाणी. इमारत चढत जाते तसं डासांचं पाळणाघरही एकेक मजला वर सरकतं.

काकांनी डिपर हलकेच पाण्यात तिरपा केला, वर काढून माझ्यापुढे धरला. "बघा सर, ह्या आडव्या पडल्यात ना, त्या मलेरियाच्या. डोकं खाली घालून लटकतात त्या दुसऱ्या." हे मीही शिकवलेलं आहे : ॲनोफिलीसच्या अळीला श्वासनळीचं लांब नळकांडं नसतं, म्हणून ती पृष्ठभागाला समांतर पडून राहते, एडिस आणि क्यूलेक्स तिरक्या लोंबतात. पण भर पावसात, बाराव्या मजल्यावर, हातभर अंतरावर त्या काडीएवढ्या अळ्या पाण्याच्या कातडीला चिकटून स्थिर पडलेल्या पाहिल्या आणि वाटलं, माझ्या फळ्यावरच्या आकृतीत पाणी कधी नव्हतंच. काकांनी आळी फोडायला लावली. लिफ्टच्या खड्ड्यात अबेट या अळीनाशकाचे थेंब टाकले. तळमजल्यावरच्या टाकीत पिशवीतले गप्पी मासे सोडले आणि मुकादमाला बजावलं, "पुढच्या मंगळवारी येतो. कोरडं दिसलं पाहिजे." दर आठवड्याला, दर मजल्यावर हे काम करणाऱ्या माणसांचं नाव कुठल्याही शोधनिबंधात येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उतरताना ती म्हणाली की हीच स्टीफन्सी २०१२ मध्ये आफ्रिकेत जिबूतीला सापडली आणि २०१६ मध्ये इथिओपियात. तिथला मलेरिया मुख्यतः खेड्यांतला. आता टाक्यांत वाढणारा डास पोहोचल्यावर तिथल्या शहरांनाही धोका आहे.

खाली पत्र्याच्या खोल्यांत मजूर राहतात. तिथे तिला तिचा एक रुग्ण भेटायचा होता. झारखंडचा गवंडी, वय तिशीच्या आतबाहेर. जुलैअखेरीस गावाहून परतला आणि आठवड्यात तापाने पडला. रक्तात फाल्सिपेरम निघाला. मलेरियाचा मुख्यतः हाच प्रकार मेंदूपर्यंत जाऊन जीव घेऊ शकतो. ८ ऑगस्टला त्याचं औषध सुरू झालं, तो तिच्या हिशेबात शून्याचा दिवस. आर्टेमिसिनीन वर्गातलं एक औषध आणि जोडीला दुसरं, तीन दिवस. दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा एकच डोस, रक्तातले जे परजीवी डासात जायला तयार असतात त्यांना मारण्यासाठी. नंतर ३, ७, १४, २१ आणि २८ व्या दिवशी बोटातून रक्ताचा थेंब. २८ दिवसांत परजीवी पुन्हा दिसला नाही तर औषध जिंकलं. शंभरात दहापेक्षा जास्त रुग्णांत ते हरलं, तर औषधच बदलायला हवं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे.

गवंड्याचा आज अकरावा दिवस. तब्येत छान होती, कांदा चिरत बसला होता. "२२ को पक्का," तो म्हणाला.

वाटेत मी विचारलं, मग हा आजार बाहेरून येणाऱ्या मजुरांबरोबर येतो म्हणायचं का? ती थांबली. "येतो तसा जातोही, सर. इथल्या टाकीतल्या डासाने दिलेला व्हायवॅक्स, म्हणजे मलेरियाचा दुसरा प्रकार, घेऊन कितीजण गावी जातात, ते कुणी मोजत नाही. डास चावतो ते शर्ट न घालता उघड्यावर झोपलेल्याला. तो कुठल्या राज्यातला हे त्याला ठाऊक नसतं."

२० ऑगस्ट, कोपरखैरणे

२० ऑगस्ट १८९७. सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटाच्या भिंतीत मलेरियाच्या परजीवीची गाठ पाहिली. त्या डासांना आपलं रक्त पिऊ देणारा रुग्ण होता हुसेन खान, आणि त्याला डासामागे एक आणा मिळत असे. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या मलेरियावर काम करून रॉस यांनी डासाच्या लाळेपर्यंतचा मार्ग पुरा केला. १९०२ चं नोबेल त्यांना मिळालं. हा दिवस जगभर डास दिन म्हणून पाळतात. मी तो दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहून साजरा केला. या वर्षी तो नागरी आरोग्य केंद्राच्या बाकावर गेला, आणि हा बाक मला जास्त काही शिकवून गेला.

सकाळी नऊलाच रांग. प्रयोगशाळेच्या खोलीत एक तंत्रज्ञ ताई बसतात. काचपट्टीवर रक्ताचे दोन लेप : एक जाड, परजीवी आहे की नाही ते शोधायला; एक पातळ, कुठला आहे ते ओळखायला. जेएसबी नावाच्या रंगद्रव्यात पट्टी बुडवायची, वाळवायची, तेलाचा थेंब टाकून पाहायची. परजीवी नाही असं लिहिण्याआधी जाड लेपाची निदान शंभर क्षेत्रं पाहावी लागतात. ताई दिवसाला किती पट्ट्या पाहतात ते मी विचारलं नाही, त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुरेशी होती.

साडेदहाच्या सुमारास त्यांनी मला बोलावलं. भिंगाखाली फुगलेली लाल पेशी, तिच्यात गुलाबी ठिपक्यांची शिंपण आणि मधोमध वेडावाकडा पसरलेला निळसर जीव. व्हायवॅक्स. त्याच्या अंगात तपकिरी-काळे बारीक कण. हे कण पाहत पाहतच लाव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरला १८८० मध्ये अल्जेरियात हा परजीवी सापडला होता. ३१ वर्षं शिकवूनही ताज्या रक्तातला परजीवी मी पहिल्यांदा पाहत होतो. माझा हात थरथरला हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

पट्टी ज्याची होती तो पोरगा बाहेर आईच्या खांद्यावर डोकं टेकून बसला होता. वय १९. वडील वाशीच्या एपीएमसीत माथाडी, हाही गेल्या वर्षापासून पाठीवर पोती घेतो. मूळ गाव पाटणकडचं. आई म्हणाली, "मॅडम, हा तिसरा टाइम. औषध लागूच व्हईना त्याला. ह्या डासांवर आता काय चालत न्हाई म्हणत्यात."

माझी विद्यार्थिनी त्यांच्या शेजारी बाकावर बसली. घाई नाही. "मावशी, पहिला ताप कधी आला होता?" मार्चमध्ये. तेव्हा एका खासगी दवाखान्यात तीन दिवसांच्या गोळ्या आणि एक सुई मिळाली. दुसरा ताप मेअखेर. तेव्हा क्लोरोक्विनबरोबर प्रायमाक्विनच्या २८ गोळ्या मिळाल्या, रोज दोन, चौदा दिवस. त्यांतल्या किती खाल्ल्या? पोराने मान खाली घातली. "चार दिवस घेतल्या ताई. पहाटे चारला मार्केटला जातो, उपाशीपोटी गोळी घेतली की कालवतं. ताप तर गेलाच होता."

१९९४ चा मी तिथे बसलो होतो. पोराच्या खांद्यावर हात ठेवला, बोलता काही आलं नाही.

दुपारी चहाच्या टपरीवर तिने मला जे सांगितलं त्यासाठीच हा प्रवास झाला असं मी मानतो. ताप परत येण्याच्या तीन वेगळ्या वाटा आहेत. एक, औषध पूर्ण पोहोचूनही रक्तातले परजीवी मेले नाहीत, उरले आणि वाढले. हा खरा रेझिस्टन्स. दोन, व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात निद्रिस्त राहतात. क्लोरोक्विन रक्तातले मारतं, या झोपलेल्यांना हातही लावत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन, आणि तेही पुरे चौदा दिवस. ते अर्धवट राहिलं की दोन महिन्यांनी, कधी आठ-नऊ महिन्यांनीही ते जागे होतात. तीन, नवा डास, नवी लागण.

"बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात, सर. रुग्ण तिन्हींना एकच नाव देतो, औषध लागू होत नाही. डॉक्टरही कधीकधी तेच म्हणतात आणि गरज नसताना भारी औषध देतात. तिथून पुढे खरा रेझिस्टन्स तयार व्हायला वाट मोकळी."

फाल्सिपेरममध्ये पहिल्या दिवसाच्या आणि परतलेल्या तापाच्या परजीवीची जनुकं ताडून जुना की नवा ते ठरवता येतं. व्हायवॅक्समध्ये तीही सोय धड नाही, कारण यकृतात वेगवेगळ्या वेळी आलेले वेगवेगळे वाण झोपलेले असतात. जागा होणारा पहिल्यासारखा असेलच असं नाही. म्हणून काळ पाहायचा. रक्तात पुरेसं क्लोरोक्विन असताना २८ दिवसांच्या आत ताप परतला तर काळजीचं कारण. असे व्हायवॅक्स १९८९ मध्ये पापुआ न्यू गिनीत पहिल्यांदा नोंदले गेले, १९९५ मध्ये मुंबईतूनही काही रुग्णांची नोंद झाली. पण आपल्याकडे व्हायवॅक्सवर क्लोरोक्विन अजून काम करतं. अडीच महिन्यांनी परतलेला या पोराचा ताप बहुतेक यकृतातला.

"तुम्ही आम्हाला ही यकृताची पायरी एका ओळीत शिकवली होती," ती म्हणाली. खरं आहे. परीक्षेला ती कधी येत नसे.

त्या दिवशी तिने पोराची जीसिक्सपीडी तपासणी करवून घेतली. हे विकर शरीरात कमी असेल तर प्रायमाक्विनने लाल पेशी फुटतात. त्याचं ठीक निघालं. तरी तिने आईला बजावलं, लघवी काळ्या चहासारखी दिसली तर गोळी तिथेच थांबवायची आणि इथे यायचं. गोळ्या मार्केटहून आल्यावर, भाकरी खाऊन मगच.

२१ ऑगस्ट, प्रयोगशाळा

सकाळपासून पाऊस धो धो. ठाणे-बेलापूर रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती, पोहोचायला उशीर झाला.

तिच्या प्रयोगशाळेत सगळं काम एका कागदापासून सुरू होतं. जाडसर गाळणकागदावर वाळलेला रक्ताचा डाग, आठाण्याएवढा. त्यातून टिकलीएवढा तुकडा कापून काढायचा, त्यातून डीएनए, मग पीसीआरच्या यंत्रात हव्या त्या जनुकाच्या लाखो प्रती. यंत्र चालू झालं आणि आम्हाला तीन तास मिळाले. तिने मला फळ्यासमोर बसवलं, खडू स्वतः घेतला.

परजीवी लाल पेशीत शिरतो आणि हिमोग्लोबिन खातो. प्रथिन पचतं, लोह असलेलं हीम उरतं आणि ते त्यालाच विषारी. म्हणून तो त्याचे खडे बनवून बाजूला टाकतो. काल भिंगाखाली पाहिलेले काळे कण म्हणजे हेच खडे. क्लोरोक्विन परजीवीच्या पोटपिशवीत साठतं आणि खडे बनू देत नाही. विष साचतं, परजीवी मरतो. १९३४ मध्ये जर्मनीत तयार झालेलं हे औषध स्वस्त, गुणी, गावोगावी पोहोचलेलं. तरी १९५० च्या दशकाच्या शेवटी थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर आणि दक्षिण अमेरिकेत फाल्सिपेरम त्याला दाद देईनासा झाला. भारतात पहिली नोंद १९७३ ची, आसामातल्या कार्बी आंगलाँगची.

नेमकं काय बदललं हे शोधायला अमेरिकेतल्या थॉमस वेलम्स यांच्या गटाने एक दाद देणारा आणि एक न देणारा परजीवी यांचा संकर घडवला आणि त्यांच्या पिल्लांत हा गुण कुठल्या गुणसूत्राबरोबर जातो ते पाहत राहिले. सातव्या गुणसूत्रावर येऊन वाट थांबली. तिथेही आधी दुसऱ्याच जनुकावर संशय गेला. शेवटी २००० मध्ये डेव्हिड फिडॉक, वेलम्स आणि सहकाऱ्यांनी तेरा तुकड्यांत विखुरलेलं पीएफसीआरटी हे जनुक दाखवलं. पोटपिशवीच्या भिंतीतलं हे प्रथिन. त्यातल्या ७६ व्या जागी लायसिन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनिन आलं की ते क्लोरोक्विनला पिशवीबाहेर काढतं. एका जागेच्या बदलासाठी दहा वर्षांची शोधयात्रा. याला मी तप म्हणतो.

मग आर्टेमिसिनीन. चीनमध्ये १९६७ मध्ये सुरू झालेल्या गुप्त प्रकल्पात तू यूयू जुन्या वैद्यकग्रंथांतून वनस्पती शोधत होत्या. चौथ्या शतकातल्या गे हाँग या वैद्याने चिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा असं लिहिलं होतं. उकळायला सांगितलं नव्हतं. त्यावरून तू यूयूंच्या लक्षात आलं की उष्णतेने गुण जात असावा. त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं आणि १९७१ मध्ये अर्क लागू पडला. २०१५ चं नोबेल. आपल्याकडे काढा म्हटलं की उकळणं आलंच. एका वैद्याचा एक शब्द कमी होता, तो किती मोलाचा ठरला हे ऐकून मी थक्क झालो.

हे औषधसुद्धा हीमच्या लोहामुळेच पेटतं. म्हणजे दोन्ही औषधं परजीवीला त्याच्या अन्नातूनच पकडतात. आणि कंबोडियातल्या परजीवींनी यातूनही वाट काढली : कोवळ्या अवस्थेत हिमोग्लोबिन कमी खायचं. २०१४ मध्ये याच्याशी जोडलेलं के-१३ हे जनुक कळलं. असे परजीवी औषधाने मरतात, पण सावकाश. तिसऱ्या दिवशीही रक्तात दिसतात. रवांडा आणि युगांडातही आता तिथल्याच मातीत उपजलेले असे बदल सापडले आहेत. भारतात हा प्रकार कंबोडियासारखा पसरलेला नाही. म्हणून तर गवंड्याच्या तिसऱ्या दिवसाच्या थेंबाची तिला एवढी किंमत.

संध्याकाळी जेल, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारी मऊ चकती, दिव्याखाली आलं. पीएफसीआरटीचा १४५ अक्षरांचा तुकडा. त्यावर एक विकर सोडलेलं, ते जुन्या, दाद देणाऱ्या परजीवीचा तुकडा ९९ आणि ४६ असा कापतं. बदललेला तुकडा त्याला कापता येत नाही. फाल्सिपेरमच्या रुग्णांच्या रांगांत मला एकेकच अखंड पट्टा दिसला. क्लोरोक्विन त्यांच्यावर चाललं नसतं.

"पण फाल्सिपेरमला क्लोरोक्विन देणं २०१० मध्येच देशभर थांबलं ना?" मी विचारलं.

तिने मालावीची गोष्ट सांगितली. तिथे १९९३ मध्ये क्लोरोक्विन बंद केलं. काही वर्षांत बदललेले परजीवी मागे पडले, जुने परतले, आणि २००६ मध्ये छापलेल्या चाचणीत ते औषध पुन्हा जवळजवळ पूर्ण लागू पडलं. आपल्याकडे तसं होत नाही, कारण व्हायवॅक्ससाठी क्लोरोक्विन चालूच आहे, चालू राहायलाच हवं. शिवाय निदान न करता तापावर दिलेली गोळी वेगळी. एकाच वस्तीत दोन्ही परजीवी, एकाच्या औषधाचा ताण दुसऱ्यावर. आणि व्हायवॅक्स जितक्या वेळा यकृतातून परततो तितक्या वेळा क्लोरोक्विन पुन्हा द्यावं लागतं. म्हणजे त्या पोराने न खाल्लेल्या वीस गोळ्या आणि हा अखंड पट्टा यांच्यात एक धागा आहे. थेट नसेल, पण आहे.

२२ ऑगस्ट, कोपरखैरणे आणि घणसोली

आधी पोराकडे. माथाड्यांच्या वसाहतीतलं छोटं घर, दारात पिंप, त्यावर कापड घट्ट बांधलेलं. ते कालच बांधलं, आई म्हणाली. भिंतीवरच्या कालनिर्णयावर २० ऑगस्टपासून २ सप्टेंबरपर्यंत चौदा घरांभोवती पेन्सिलीचं गोल कुंपण, आणि पहिल्या दोन घरांत कुंकवाचे ठिपके. तिसरा ठिपका तिने आमच्यासमोर लावला, पोराने गोळ्या गिळल्यावर, "आ कर" म्हणून तोंडात पाहून. ताप कालपासून नाही. "आता खरी परीक्षा," माझी विद्यार्थिनी त्याला म्हणाली. "ताप असताना गोळी कुणीही खातं." त्याने विचारलं की मार्केटला कधी जाऊ. अशक्तपणा जाईपर्यंत नको, असं तिने सांगितलं, आणि मग ठेकेदाराला सांगायला चिठ्ठी लिहून दिली.

तिथून रिक्षाने घणसोली. गवंड्याचा चौदावा दिवस. पत्र्याच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. शेजारच्याने सांगितलं, काल रात्रीच निघाला, गावी वडील आजारी आहेत. तिने त्याचा नंबर लावला, बंद. बांधकामाच्या फाटकावरच्या चहावाल्याकडे त्याच्या भावाचा नंबर निघाला. तिसऱ्यांदा लागला. दोघेही एकाच गाडीत होते, ती नुकतीच भुसावळहून सुटली होती, डब्यातला गोंगाट मला शेजारी उभं राहूनही ऐकू येत होता.

ती हिंदीत हळूहळू, एकेक शब्द सुटा करत बोलली. आधी वडिलांचं विचारलं. मग, ५ सप्टेंबरला, ताप असो वा नसो, जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन बोटातलं रक्त तपासून घ्या आणि चिठ्ठीचा फोटो पाठवा. तारीख त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतली. दुसऱ्यांदा म्हणता म्हणता रेंज गेली.

अभ्यासाच्या नियमाप्रमाणे हा रुग्ण आता गळाला. चौदाव्या दिवसाचा थेंब नाही, एकविसाव्याचा नाही. गावाकडचं रक्त आकडेवारीत धरता येणार नाही. मग ५ तारखेचा आग्रह कशाला, असं मी विचारणार होतो, पण तिचा चेहरा पाहून थांबलो. तिने फॉर्मवर कारण लिहिलं, सही केली, पिशवीतला कोरा गाळणकागद पुन्हा पाकिटात घातला. स्वतःच्या खासगी डायरीत पेन्सिलीने ५ सप्टेंबर लिहिलं आणि समोर भावाचा नंबर.

पाऊस पुन्हा सुरू झाला होता. बाराव्या मजल्यावर आळी फोडलेली दिसत होती, तेराव्यावर सळ्या बांधत होते. तिने रिक्षाला हात केला. तुर्भ्याला एका बाईचा आज सातवा दिवस होता आणि ती चारच्या पाळीला कामावर जायच्या आत तिला गाठायचं होतं.